चुलाणापासून लांब

तुर्सिनीला घराच्या पुढच्या खोलीत हलवलं, त्याच दिवशी तिच्या नवऱ्याने स्वयंपाकघराकडचं दार बंद करून टाकलं. नेसायची जुनी सारोंगं फाडून त्यांच्या चिंध्या फटींत कोंबल्या आणि वरून आडवी फळी ठोकली. दारकुम माडावर चढणारा माणूस. त्याने आवळलेलं काही सहसा सुटत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धूर हिच्या छातीत जाता कामा नये. त्याने ते अक्षरशः पाळलं.

आमच्या कालीसुरेन गावात बहुतेक घरांत माडाचा गूळ होतो. पुरुष सकाळी आणि दुपारी माडावर चढून नीरा उतरवतात, बायका ती काहिलीत आटवतात. चार-चार तास चुलाण पेटलेलं असतं, आणि जे काही बोलायचं ते माणसं तिथेच बोलतात. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, शहरात गेलेल्या कुणाच्या पोराने कसे केस रंगवले, सगळं त्या धुरात. पुढच्या खोलीत पाहुणे बसतात, मौलवी बसतात आणि मयत ठेवतात. रोजचं घर म्हणजे चुलाण.

तुर्सिनी तेराव्या वर्षापासून चुलाणापुढे बसत आली होती, आधी माहेरच्या, मग इथल्या. पस्तिशीत तिची छाती वाजायला लागली. आमच्याकडे दम्याला मेंगी म्हणतात आणि दमेकऱ्यालाही मेंगीच म्हणतात. तीही हसून म्हणायची, "माझ्या छातीत बासरीवाला बसलाय, त्याला वेळकाळ कळत नाही." सेहेचाळिसाव्या वर्षी मात्र एका दुपारी, नीरा फेसाळून वर आलेली असताना, ती झारा हातात धरूनच खाली बसली आणि तिला पुन्हा उठता आलं नाही. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मध्ये तिला बसवून, मागून दारकुमने कवेत धरून, पुर्वोकर्तो शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. नऊ दिवस ती मशीनच्या श्वासावर होती.

ती घरी परतली ती भीती सोबत घेऊनच. न्हाणीचं दार तिला लावून घेववेना. आडवं झोपवेना, तीन उशा पाठीशी घेऊन ती बसून राहायची. हसलं की खोकला येतो म्हणून हसणं सोडलं, चाललं की धाप लागते म्हणून चालणं. औषधाचा पंप तिने दोरीने गळ्यात बांधला. गुळाचं काम दारकुमची धाकटी बहीण कुस्वी हिने उचलून घेतलं. दुपारी तीन वाजता कुस्वी यायची, मागून दोन-तीन शेजारणी यायच्या, नीरा उतरवून आलेला दारकुमही तिथेच बसायचा, चुलाण पेटायचं, आणि भिंतीपलीकडे गप्पांना ऊत यायचा.

"यू तुर!" कुस्वी भिंतीवर झारा आपटून ओरडायची. यू म्हणजे ताई; वहिनीला ती तसंच म्हणायची. "जागी आहेस का? कार्सेमच्या सुनेचं ऐकलंस?"

"काय झालं?"

"काय?"

"अगं काय झालं तिचं?"

"ऐकू येत नाही! जाऊ दे, नंतर सांगते!"

नंतर कुणी सांगत नसे. रस घट्ट व्हायला लागला की सगळ्यांचे हात त्यात गुंतत आणि मग ज्या त्या आपापल्या घरी जात. तुर्सिनी खुर्चीत बसून भिंतीपलीकडचं हसणं ऐकायची. कशाला हसल्या ते कळायचं नाही. कधी कधी तिला वाटायचं, आपल्यालाच हसल्या.

दारकुम दिवसातून चार वेळा पुढच्या दाराशी यायचा. उंबऱ्याबाहेर उभा राहून एकच शब्द विचारायचा, "दम?"

ती "थोडा" म्हणाली तर औषध घेतलंस का विचारायचा. "नाही" म्हणाली तर मान हलवून जायचा. पण दम खरंच चढला तर मात्र धावत यायचा. काहील कुस्वीवर टाकून यायचा, तिच्या पाठीवरून हात फिरवायचा, वाफेचं मशीन लावून ते संपेपर्यंत शेजारी बसायचा. त्याच्या कपड्यांना गुळाचा वास यायचा.

अशी दोन वर्षं गेली. त्यात ती पाच वेळा हॉस्पिटलात जाऊन आली. पाचव्या खेपेला डॉक्टर म्हणाले, नुसत्या औषधाने आता भागायचं नाही. हॉस्पिटलात दमेकऱ्यांसाठी तीन महिन्यांचा एक वर्ग होता. आठवड्यातून दोन सकाळी यायचं. चालायचं, श्वासाचे व्यायाम करायचे, आणि एका ताईंशी बोलायचं.

"बोलून दमा जातो होय?" दारकुमने विचारलं.

"दमा जात नाही," डॉक्टर म्हणाले. "माणूस परत येतो."

वर्गात अकराजण होते. तुर्सिनीच्या शेजारच्या खुर्चीत बापाक मुहरोम बसायचे; बापाक म्हणजे आदराने काका. आयुष्यभर न्हावीकाम केलेले, हाडाचे बडबडे. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्याकडे कान करून विचारलं, "माझ्या छातीत एक मांजर आहे. तुमच्या?"

"दोन," ती म्हणाली.

"मग तुम्ही पुढे बसा. मोठ्या घरच्या तुम्ही."

ती हसली, आणि हसल्याबरोबर घाबरून गळ्यातला पंप धरला. खोकला आला, थोडा वेळ राहिला, गेला. मुहरोम पाहत होते. "बघा," ते म्हणाले, "हसून मेलं नाही कुणी. मी चाळीस वर्षं लोकांना वस्तऱ्याखाली हसवत आलोय, एक कान तेवढा कापला."

शिकवणाऱ्याने ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवलं. समोर मेणबत्ती लावायची. ज्योत नुसती हलली पाहिजे, विझता कामा नये. मग मैदानाला फेऱ्या. पहिल्या आठवड्यात तुर्सिनी अर्ध्या फेरीत बसली. पाचव्या आठवड्यात तिने तीन फेऱ्या केल्या. फुंकायची एक नळी मिळाली होती. जोरात फुंकलं की त्यातला काटा सरकायचा आणि छाती किती मोकळी आहे ते हिरव्या, पिवळ्या किंवा लाल पट्ट्यावर दिसायचं.

बोलायच्या ताईंचं नाव अनिंद्या. सगळे तिला म्बाक अनिंद्या, म्हणजे अनिंद्याताई म्हणायचे. वय तिशीचं, डोक्यावर राखाडी रुमाल, आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बसण्याची मोठी ताकद. पहिल्या भेटीत ती आईला हाक मारावी तशी आदराने म्हणाली, "इबू, दमा खरा आहे आणि भीतीही खरी आहे. दोघी बहिणी सारखेच कपडे घालून तुमच्या दारात येतात. कोण आली ते ओळखायला शिकू या."

तिने एक वही दिली. दम लागला की वेळ लिहायची, नळी फुंकून आकडा लिहायचा, आधी काय चाललं होतं, जवळ कोण होतं, भीती दहापैकी किती वाटली, सगळं लिहायचं. तुर्सिनी चौथीपर्यंत शिकलेली. तिने मोठ्या, गोल अक्षरांत नेमाने लिहिलं.

पाच आठवड्यांनी अनिंद्याने वही मध्ये ठेवली आणि पानं सावकाश उलटली.

"इबू, दम एकोणीस वेळा लागलाय. त्यातल्या सात वेळा काटा खाली गेलाय. ते दम्याचे. बाकी बारा वेळा काटा हिरव्यातच आहे. वेळ बघा. साडेचार, पावणेपाच, साडेचार. त्या वेळी घरी काय असतं?"

"धूर असतो. चुलाण असतं."

"धूर तर तीन वाजल्यापासून असतो ना?"

तुर्सिनी वहीतल्या आकड्यांकडे बघत राहिली. साडेचारला रस घट्ट होत आलेला असतो. पलीकडे सगळ्याजणी जमलेल्या असतात. हसण्याचा आवाज सगळ्यात मोठा तेव्हाच असतो.

"आणि दम लागल्यावर कोण येतं?" अनिंद्याने हळूच विचारलं.

तुर्सिनीचं तोंड लाल झालं. "म्हणजे मी सोंग करते."

"नाही. छाती खरंच आवळते. मी तसं म्हणत—"

"नऊ दिवस नळ्या होत्या माझ्या घशात. सोंग करून येतात होय नळ्या?" ती उठली. चपला हातात घेऊनच ती खोलीबाहेर पडली. बाहेर बाकावर मुहरोम होते. त्यांनी काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून मिटलं.

पुढचे दोन आठवडे ती गेली नाही. दारकुमने विचारलं तेव्हा म्हणाली, वर्गाला सुट्टी आहे. त्याने मान हलवली. साडेचारला पलीकडे हसणं सुरू झालं की ती दात आवळून बसायची. छाती आवळायची, ती नळी फुंकायची, काटा हिरव्यात जायचा. त्या काट्याचा तिला राग यायचा. हाक मारावीशी वाटायची, पण आता हाक मारायचीही लाज वाटू लागली होती. त्या दोन आठवड्यांत तिच्या खोलीत फारसं कुणीच आलं नाही.

मग गावजेवणाचा दिवस आला. वर्षातून एकदा अख्खं गाव ओढ्याकाठच्या जुन्या कबरीपाशी जमतं, दुआ होते, केळीच्या पानांवर जेवण होतं. धूळ आणि उदाचा धूर, म्हणून तुर्सिनी घरीच राहिली. दारकुमने जाताना विचारलं, "दम?" ती म्हणाली, "नाही. जा तुम्ही."

गल्ली इतकी शांत तिने कधी ऐकली नव्हती. कोंबड्यासुद्धा सावलीला गप्प बसल्या होत्या. अकराच्या सुमारास वारा फिरला. जेवणाला जाण्याआधी कुणीतरी मागच्या शेतात भाताचं काड पेटवून गेलं होतं. तो पांढरा धूर कौलांखालून खोलीत उतरला. तिला कळायच्या आत दोन श्वास आत गेले होते.

तिने नळी फुंकली. काटा पिवळ्याच्या तळाशी जाऊन थांबला. ही दुसरी बहीण नव्हती, हा दमाच होता.

तिने दारकुमला फोन लावला. भिंतीपलीकडे, बंद दारामागे, फोन वाजू लागला. तो चुलाणावरच्या फळीवर विसरून गेला होता. फोन वाजला, थांबला. तिने पुन्हा लावला, तो पुन्हा तिथेच वाजला. मग तिने लावणं सोडलं.

शिकवलेलं सगळं तिला एकदम आठवलं नाही, तुकड्यातुकड्याने आठवलं. खिडक्या लावल्या. दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला. खुर्चीत पुढे वाकून कोपरं टेबलावर टेकवली. पंपाला मोठी प्लास्टिकची नळी जोडून एक दाब, मग श्वास. पुन्हा एक दाब. चार वेळा. ओठांचा चंबू. समोर मेणबत्ती नव्हती, तर कॅलेंडरचं खालचं पान घेतलं. ते नुसतं हलायला हवं होतं. घड्याळात वीस मिनिटं बघायची. वीस मिनिटं इतकी लांब असतात हे तिला माहीत नव्हतं. मध्येच नऊ दिवसांच्या त्या पांढऱ्या छताची आठवण आली आणि भीतीही वर आली. "ही तू वेगळी," ती कसंबसं भीतीला म्हणाली, "तू बाजूला बस." मग स्वतःलाच विचित्र वाटलं, की आपण रिकाम्या खोलीत कुणाशी बोलतोय.

वीस मिनिटांनी काटा थोडा वर आला. पुन्हा चार दाब, पुन्हा वीस मिनिटं. लाल पट्टा दिसला तर गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यापर्यंत कसंही करून चालत जायचं, हे तिने ठरवून ठेवलं होतं. लाल दिसला नाही. तासाभराने धूरही विरळ झाला आणि काटा हिरव्याच्या कडेला टेकला.

ती उभी राहिली. तोंडाला रुमाल बांधून, अंगणातून वळसा घालून ती मागच्या बाजूला गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा. चुलाण थंड होतं. काहील पालथी घातलेली होती. भिंती काजळीने काळ्या झालेल्या, कोपऱ्यात करवंट्यांचा ढीग, फळीवर दारकुमचा फोन. ज्या खोलीसाठी तिने दोन वर्षं जीव टाकला होता, ती एक काळोखी, घाणेरडी खोली होती. तिने झारा उचलून पाहिला. तो जागच्या जागी ठेवून ती परत आली. आत जाताना तिला रडू आलं, आणि रडताना छाती आवळली नाही याचं तिला नवल वाटलं.

दारकुम तीन वाजता आला. केळीच्या पानात तिच्यासाठी भात आणि कोंबडी बांधून आणली होती. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "दम?"

सगळं सांगावं असं तिच्या ओठांवर आलं. धूर, फोन, घड्याळ. पण दम तर आता नव्हता.

"नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, पुडकं खिडकीत ठेवलं आणि पाय धुवायला मागे गेला. एवढंच. एवढ्या मोठ्या गोष्टीचं एवढंच झालं.

त्या आठवड्यात ती पुन्हा वर्गाला गेली. अनिंद्यासमोर बसली आणि बराच वेळ वहीचा कोपरा दुमडत राहिली.

"तुम्ही म्हणालात ते अर्धं बरोबर होतं," ती शेवटी म्हणाली. "सोंग नव्हतं. पण तो धावत यायचा ते मला हवं असायचं. छातीला ते माझ्याआधी कळलं असेल." मग तिने त्या दिवसाचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मला एकटीला जमलं, म्बाक. आता सांगा, मी बरी झाले तर माझ्याकडे कोण येईल?"

अनिंद्याने वही मिटली. मग म्हणाली, "हे मला नाही, बापाक दारकुमना विचारू या. चालेल?"

दारकुम आला तो लग्नकार्यातली पँट घालून. खुर्चीच्या कडेवर बसला, हात गुडघ्यांत. अनिंद्याने विचारलं, पुढच्या खोलीत बसता का कधी? त्याने फरशीकडे पाहिलं.

"तिथे काय करू?" तो म्हणाला. "मागे हात चालतो म्हणून तोंड चालतं. पुढे बसलं की पाहुण्यासारखं वाटतं."

"तेवढंच कारण?"

त्याने खुर्चीच्या कडेला धरलं. तुर्सिनीला वाटलं आता हा उठणार. पण तो बोलू लागला, तिच्याकडे न बघता.

"त्या दिवशी मोटारसायकलवर मी मागे होतो. तिची छाती वाजत होती तोवर मी धरून होतो. साखरकारखान्याच्या वळणावर आवाज बंद झाला. मला वाटलं, गेली. पुढचा अख्खा रस्ता मी गेलेल्या बायकोला धरून बसलो होतो." त्याने पँटवर हात पुसले. "आता तिचा श्वास ऐकू आला तरी भीती वाटते, नाही आला तरी वाटते. चुलाणापाशी उकळीचा आवाज असतो. त्यात दुसरं काही ऐकू येत नाही. म्हणून तिथे बसतो."

तुर्सिनी त्याच्याकडे बघत राहिली. सव्वीस वर्षांच्या संसारात तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. आपण भिंतीच्या या बाजूला एकट्या होतो एवढंच तिला माहीत होतं. दुसऱ्या बाजूला, त्या सगळ्या हसण्याच्या मध्ये तोही एकटाच होता, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

अनिंद्याने त्यांना काम दिलं. रोज मगरिबच्या नमाजानंतर वीस मिनिटं पुढच्या खोलीत एकत्र बसायचं. दम हा शब्द काढायचा नाही.

पहिल्या संध्याकाळी तो आला, बसला, छताकडे पाहिलं.

"जेवलीस?"

"तुमच्यासमोरच तर जेवले."

"हं." बऱ्याच वेळाने, "डास फार आहेत."

"आहेत."

आठव्या मिनिटाला तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं बसला. तिसऱ्या दिवशी सांगितलं, की ओढ्याकडच्या माडावर खारींनी नीरेची पोई, फुलोऱ्याचा कोंब, कुरतडली. तिने विचारलं, कोणत्या, वाकड्या की सरळ? तो म्हणाला, वाकड्या. ती म्हणाली, तो मी लग्न होऊन आले त्या वर्षी लावलेला. तो म्हणाला, नाही, तो माझ्या बापाने लावलेला. मग त्यावरून दोघांचं चांगलं अर्धा तास भांडण झालं, आवाज चढवून, आणि भिंतीपलीकडे भांडी घासणारी कुस्वी घाबरून अंगणातून धावत आली.

"यू, काय झालं? दम लागला?"

"नाही गं," तुर्सिनी म्हणाली. "तुझ्या भावाला आठवत काही नाही."

तीन महिने संपले. फळी ठोकलेलं दार तसंच आहे, ते उघडायचं नाहीच. गूळ कुस्वीच करते. तुर्सिनी औषध रोज घेते, आणि त्या वर्षात तिला एकदाच हॉस्पिटलात राहावं लागलं. रविवारी सकाळी ती मिनीबसने एकटी पुर्वोकर्तोला जाते. तिथे हॉस्पिटलच्या मैदानात जुने-नवे दमेकरी व्यायाम करतात. मुहरोम आता खुर्चीत बसूनच हात हलवतात आणि सगळ्यांच्या चुका काढतात.

साडेचारला पलीकडे हसणं अजून होतं. तिला अजून ते टोचतं. छाती जराशी आवळते, ती नळी फुंकते, हिरवा पट्टा बघते आणि नळी खाली ठेवते. मग खुर्ची दाराबाहेर, अंगणाच्या पुढच्या कडेला नेऊन बसते. रस्त्याने जाणारी एखादी बाई थांबते, दोन शब्द बोलते. बऱ्याच वेळा कुणी थांबत नाही. संध्याकाळी दारकुम येतो. रोजच नाही. नीरा जास्त उतरली की त्याला वेळ होत नाही, आणि कधी कधी तो दमलेला असतो, आल्या आल्या खुर्चीतच मान टाकून झोपतो. अशा वेळी ती त्याला उठवत नाही. दिवा बारीक करून समोर बसते, आणि दोघांपैकी कुणी काही बोलत नाही.